देवीची पूजा आणि बाईवर बंधनं, दोन्ही एकाच घरात कसं काय चालतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितेय, जरा लांबेल.

आमच्याकडे घट बसतात, नवरात्रात सप्तशतीचा पाठ असतो. आजवर तो गुरुजी वाचायचे नाहीतर बाबा, यावर्षी मी अर्थासकट स्वतः वाचायला घेतला. पाचव्या अध्यायात शुंभ नावाच्या असुराचा दूत देवीकडे मागणी घेऊन येतो, की आमचे महाराज तिन्ही लोकांचे मालक, जगातली सगळी रत्नं त्यांच्याकडे आहेत, तू बायकांमधलं रत्न तर तूही त्यांच्याकडेच ये. आणि देवी म्हणते, जो मला युद्धात जिंकेल, माझा गर्व उतरवेल, माझ्या तोडीचा असेल तोच माझा नवरा होईल. खरं सांगते, अंगावर काटा आला. इतक्या जुन्या ग्रंथात एक बाई मागणी घालणाऱ्याला इतकं सरळ उत्तर देते आणि पुढे त्याच्या सगळ्या सैन्याचा निकाल लावते.

पण त्याच पोथीत, पाठाच्या आधी म्हणायचं अर्गला स्तोत्र आहे, ते "रूपं देहि जयं देहि यशो देहि द्विषो जहि" वालं, त्यात मध्येच येतं "पत्नीं मनोरमां देहि मनोवृत्तानुसारिणीम्". म्हणजे मला सुंदर आणि माझ्या मनाप्रमाणे वागणारी बायको दे. हे मागायचं कुणाकडे तर जिने कुणाच्याच मनाप्रमाणे वागायला नकार दिला तिच्याकडे! मी म्हणता म्हणता थांबलेच. म्हणणारा पुरुषच असणार हे इतकं गृहीत धरलंय की माझ्यासारखी कुणी समोर पोथी घेऊन बसेल हा विचारच तिथे नाही.

दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. माझी आत्या, काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, आमच्या घरातलं सगळं देवीचं तिला जितकं माहितीये तितकं कुणालाच नाही. फुलोरा ती करते, पुरणावरणाचा स्वयंपाक तिचा, आरत्या तोंडपाठ. पण ओटी भरायची वेळ आली की ती आपणहून आत स्वयंपाकघरात जाऊन बसते. कुणी जा म्हणत नाही, पण कुणी ये पण म्हणत नाही. आणि मी यावर बोलले की घरच्यांचं उत्तर ठरलेलं, आपल्या धर्मात बाईला देवी मानलंय, अजून काय पाहिजे.

तर माझा प्रश्न असा की देवी हे बाईच्या ताकदीचं प्रतीक आहे असं आपण म्हणतो ते खरं किती? की पुरुषांनीच पुरुषांसाठी घडवलेली ही प्रतिमा आहे आणि घरातल्या बाईशी तिचा काही संबंधच नाही? कृपया "यत्र नार्यस्तु पूज्यन्ते" सांगू नका. तो श्लोक मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला, आणि नवव्यात तीच मनुस्मृती "न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति" म्हणते. आणि तिसऱ्यातही त्याच्या पुढेमागे जे आहे ते बाप, भाऊ, नवरा, दीर यांनी बाईला कपडे दागिने अन्न देऊन खूश ठेवावं असंच आहे. पूजा म्हणजे तिथे एवढीच.

जुनी वही

रानजाई, अर्थासकट वाचताय हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे वर्षानुवर्षं पाठ करणारे पण अर्थ न बघितलेले लोक जास्त.

एक गोष्ट आधी. अर्गला, कवच, कीलक हे मूळ देवीमाहात्म्यात नाहीत. देवीमाहात्म्य, म्हणजे आपली सप्तशती, हे मार्कंडेय पुराणातले तेरा अध्याय, साधारण पाचव्या सहाव्या शतकातले मानतात. अर्गला वगैरे पाठाची अंगं म्हणून नंतर जोडली गेली. म्हणजे मूळ ग्रंथात देवी काय आहे आणि ती पोथी रोजच्या वापरात कशी आली, यात अंतर आहे, आणि तुम्ही ज्या ओळीवर थांबलात ती त्या अंतराच्या बरोबर मध्ये आहे.

पण म्हणून मूळ ग्रंथ एकदम स्वच्छ असंही नाही. दुसऱ्या अध्यायात देवी कशी प्रकटते बघा, सगळ्या देवांच्या तेजातून. शंकराच्या तेजातून मुख, विष्णूच्या तेजातून बाहू, मग शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र, इंद्र वज्र, हिमालय सिंह. यावर टीका करणारे म्हणतात की बघा, शक्ती तिची नाहीच, पुरुष देवांनी उसनी दिलेली आहे आणि काम झालं की परत. मला हे अर्धंच पटतं. कारण दहाव्या अध्यायात शुंभ तिला नेमका हाच टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस, मग कसला गर्व करतेस. आणि ती म्हणते "एकैवाहं जगत्यत्र द्वितीया का ममापरा", या जगात मी एकटीच आहे, माझ्याशिवाय दुसरी कोण? आणि ब्रह्माणी, वैष्णवी, माहेश्वरी या सगळ्या मातृका तिच्यात विरून जातात. म्हणजे ज्याने हे लिहिलं त्याला हा आक्षेप माहीत होता आणि त्याने तो असुराच्या तोंडी घालून खोडून काढला. आठव्या अध्यायात तर ती शंकरालाच दूत म्हणून शुंभाकडे पाठवते, म्हणून तिचं एक नाव शिवदूती. हे साधं नाही.

मला खटकतं ते वेगळं आहे. त्या सगळ्या कथेत माणसं किती आहेत? राज्य गेलेला सुरथ राजा, बायकोमुलांनी घराबाहेर काढलेला समाधी वैश्य, आणि कथा सांगणारे मेधा ऋषी. तिन्ही पुरुष. शेवटी देवी प्रसन्न होते आणि राजाला राज्य मिळतं, वैश्याला ज्ञान. एकही माणूस-बाई त्या कथेत देवीसमोर बसत नाही, काही मागत नाही, तिला काही मिळत नाही. समाधीची बायको आहे पण ती धनासाठी नवऱ्याला हाकलणारी. अकराव्या अध्यायात "स्त्रियः समस्ताः सकला जगत्सु", जगातल्या सगळ्या स्त्रिया तुझीच रूपं, असं देव म्हणतात खरे, पण त्या स्त्रियांपैकी एकीलाही ग्रंथात जागा नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. देवी आहे, भक्त पुरुष आहे, आणि बाई ही त्या दोघांच्या मधली मागण्याची वस्तू झाली. मग अर्गलेत ती ओळ येणं अगदी स्वाभाविक आहे.

दुसरं म्हणजे लग्न. देवी एकटी असली की मोठी, शस्त्रं घेतलेली, अनेक हातांची. नवऱ्याबरोबर आली की दोन हात, आकार लहान, शेषशायी विष्णूच्या चित्रात तर लक्ष्मी पाय चेपत बसलेली. मदुराईच्या मीनाक्षीची कथा ऐकली असेल, पांड्य राजाची मुलगी, तीन स्तन घेऊन जन्मलेली, राज्य करते, दिग्विजय करत थेट कैलासापर्यंत जाते आणि शंकर समोर दिसताच तिसरा स्तन गळतो आणि ती लाजते. चिदंबरमला काली आणि शंकराची नृत्याची पैज, शंकर पाय वर उचलतो, तो ऊर्ध्व तांडव, आणि काली लाजेखातर तसं करत नाही म्हणून हरते, आज तिचं देऊळ गावाबाहेर आहे. ती नाचता येत नाही म्हणून हरली नाही हो, बाईने काय करू नये या नियमाने हरली. ही कथा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून मला ती विसरता आलेली नाही.

अर्थात मदुराईत आजही आधी मीनाक्षीचं दर्शन, मग सुंदरेश्वराचं, आणि चैत्रातल्या उत्सवात लग्नाच्या आधी तिचा राज्याभिषेक होतो. म्हणजे लोकांनी तिला पूर्ण नमवू दिलं नाही.

कातळवाट

वहीसाहेब पोथीतलं बोलले, मी पोथीबाहेरचं बोलतो, कारण महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त देव्यांना पोथीच नाही.

सटवाई घ्या, मरीआई घ्या, साती आसरा घ्या. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, नवरा कोण तिचा? कुणाला माहीत नाही, कुणी विचारत पण नाही. पाण्याकाठच्या आसरा सात जणी, सगळ्या बाया. कार्ल्याची एकवीरा, कोळी लोकांची आई, लेण्याच्या दारात बसलीये, एकटी. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपास पायी फिरून अशी ठाणी बघायचे, त्यांनी हे नीट लिहून ठेवलंय की गावोगावच्या या आया मूळच्या एकट्या, आणि पुरुष देव आणि त्यांच्याशी लग्न लावणं ही पुढची गोष्ट. माझं स्वतःचं मत असं की बाईच्या कामाच्या जागा आहेत ना, बाळंतपण, पाणी, रोगराई, शेताचा बांध, तिथे या देव्या बसल्यात आणि तिथे पुजारी पण बऱ्याचदा घरातली बाईच असते. खण, नारळ, हळदकुंकू, निवद, झालं. संस्कृत नाही, सोवळं नाही.

गडबड होते ती देऊळ मोठं झालं, उत्पन्न आलं, की. मग पहिला प्रश्न निघतो ही कुणाची बायको. कोल्हापूरची अंबाबाई बघा. मूर्तीमागे सिंह, डोक्यावर नाग आणि लिंग, हातात गदा, ढाल, म्हाळुंग, पानपात्र. पण दर नवरात्रात तिरुपतीहून शालू येतो, का तर ती विष्णूची लक्ष्मी, रुसून इथे आलेली. यावरून कोल्हापुरात केवढे वाद झालेत, एक बाजू म्हणते ती आदिशक्ती आहे कुणाची पत्नी नाही, दुसरी म्हणते विष्णुपत्नीच. मी पहिल्या बाजूचा आहे आणि ठामपणे आहे. ज्या बाईचं स्वतःचं एवढं मोठं पीठ आहे तिची ओळख नवऱ्यावरून कशाला ठरवायची?

आणि आता जे सांगतो ते जरा जड आहे. अंबाजोगाईची योगेश्वरी, कोकणस्थांची कुलस्वामिनी, कुमारिका. परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं होतं, मुहूर्त टळला आणि ती तशीच राहिली अशी कथा. बिनलग्नाची मुलगी, आणि लोक पिढ्यानपिढ्या लांबून लांबून येऊन तिच्यासमोर डोकं टेकवतात. हे देऊळ कुठल्या जिल्ह्यात? बीड. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे बीडमध्ये मुली होत्या ८०७. राज्यात सगळ्यात कमी. अख्ख्या राज्याचा आकडा ८९४, देशाचा ९१९. कुमारिकेला नवस आणि पोटातल्या कुमारिकेला नकार, हे एकाच जिल्ह्यात झालं. गर्भलिंगनिदानाचा कायदा १९९४ पासून आहे, तरी झालं. देवी बघून कुणाचा हात थांबला नाही.

शमीपत्र

मी थोडं उलट बाजूने लिहितो, राग मानू नका.

बीडचा आकडा खरा आहे, पण त्याचा दोष देवीच्या कल्पनेवर कसा टाकता येईल? मुली नको वाटतात त्यामागे हुंडा आहे, जमीन आहे, म्हातारपणी कोण बघणार ही भीती आहे, आणि हातात आलेलं सोनोग्राफीचं मशीन आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर २००५ मध्ये झाला, तोवर काय होतं? आणि ज्या समाजांत देवी नाहीच, फक्त पुरुष देव आहे, तिथेही बाईची स्थिती काही वेगळी नव्हती. म्हणजे देवीमुळे पितृसत्ता आली असं नाही.

मी उलट म्हणेन की देवी नसती तर बायकांकडे जे होतं तेही नसतं. भोंडला, गौरी, मंगळागौर, नवरात्रातलं जागरण, या निमित्तानेच बायका घराबाहेर पडत, एकत्र बसत, मन मोकळं करत. गौरी येतात त्या माहेरवाशिणी म्हणून, तीन दिवस राहतात, गोडधोड खातात, आणि त्यांच्या निमित्ताने घरच्या लेकींना बोलावलं जातं. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी सीतेचं दुःख ज्या पद्धतीने मांडलंय, रामाला जे सुनावलंय, ते कुठल्या पुरुष पंडिताने लिहिलं नाही. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक ताराबाई भवाळकरांनी यावर आयुष्यभर काम केलं. आणि वारकऱ्यांनी तर उलटंच केलं, पुरुष देवाला आई केलं. विठाई, माउली. जनाबाईचा विठोबा तिच्याबरोबर दळतो, तिच्या गोवऱ्या वेचतो. ज्या दासीला कुणी विचारत नव्हतं तिच्या हाताखाली देव कामाला येतो ही कल्पना लहान नाही. रुक्मिणीचंही बघा, पंढरपुरात ती विठ्ठलाच्या शेजारी नाही, रुसून आलेली म्हणून तिचं देऊळ वेगळं, आणि त्या रुसण्याचा मान आजही राखला जातो.

म्हणून रानजाई, प्रतीक टाकून देऊ नका एवढंच म्हणणं आहे.

रानजाई

शमीपत्र, राग कशाला येईल, तुम्ही नीट लिहिलंय. पण मी टाकून द्या म्हटलंच नाहीये. मी पाठ पूर्ण केला आणि पुढच्या वर्षीही करणार.

पण एक विचारते. भोंडला, मंगळागौर, गौरी, हळदीकुंकू हे जे बायकांचं मोकळं होणं म्हणताय त्यात सवाष्ण सोडून कोण होतं? मंगळागौर नव्या नवरीची. हळदीकुंकू सवाष्णींचं. ओवसा सवाष्णींचा. नवरा जिवंत असणं ही तिथे आत यायची अट आहे. म्हणजे बायकांचा सण आहे पण दाराची कडी पुरुषाच्या आयुष्याला बांधलेली आहे. माझी आत्या त्या दारातूनच परत जाते ना.

आणि देवीमुळे पितृसत्ता आली असं कुणीच म्हटलं नाही. माझं म्हणणं की देवी दाखवून आम्हाला गप्प केलं जातं. पंडिता रमाबाईंना १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी "सरस्वती" ही पदवी दिली, केवढं कौतुक झालं. त्याच बाईने पुढे विधवांची स्थिती जगासमोर मांडली, ख्रिस्ती झाली, तेव्हा तिच्यावर काय काय झोड उठली! सरस्वती म्हणून चालली ती बोलेपर्यंतच.

डोंगरवाडी

ताई, मी सीमाभागातली, आमच्याकडं यल्लम्मा म्हणजे रेणुका. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, मला तुमच्यासारखं ग्रंथातलं येत नाही, जे बघितलंय ते सांगते.

रेणुकेची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नदीवर पाण्याला गेली, गंधर्वाला त्याच्या बायकांबरोबर खेळताना बघितलं, क्षणभर मन हललं, तेवढ्यावरून जमदग्नीनं मुलांना सांगितलं आईला मारा. चार मुलं नाही म्हणाली, त्यांना शाप. परशुरामानं मारलं. मग वर मागून जिवंत केली. आता या गोष्टीत बाईला शिकवण काय, की मनात सुद्धा काही आणू नकोस. लहानपणी मला ही गोष्ट सांगितली तेव्हा मी आजीला विचारलेलं की मग तिनं केलं तरी काय? आजी म्हणाली काहीच नाही गं.

पण बघा, देव कोण झालं? जमदग्नीची पूजा करायला कोण जातं का? सौंदत्तीला लाखो माणूस जातं ते आईसाठी. माहूरला नुसता मुखवटा आहे, तेवढ्या मुखासाठी माणसं गड चढतात. मला वाटतं लोकांनी आपला निवाडा दिलेला आहे, मारलेल्या बाईच्या बाजूनं दिलेला आहे.

आता दुसरी बाजू, ती जास्त महत्त्वाची. याच देवीच्या नावानं मुली सोडल्या. गळ्यात मोती बांधले, जोगतीण केली. आणि कुणाच्या मुली? महारामांगाच्या, गरिबाच्या. केसात जट आली, सोड देवाला. घरात आजार, सोड देवाला. देवाशी लग्न म्हणून तिला अखंड सौभाग्यवती म्हणायचं आणि वापरायचं गावातल्या बाप्यांनी. पोरांना बापाचं नाव नाही. मुंबई इलाख्यात १९३४ ला कायदा झाला, कर्नाटकात १९८२ ला, महाराष्ट्रात २००५ ला. कायद्यावर कायदे करावे लागले यावरून समजा मूळ किती खोल होतं.

आणि एक गोष्ट, जी मला लहानपणापासून टोचते. मार्गशीर्षातली पुनव, तिला रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी जमदग्नी मारला गेला म्हणून देवी विधवा होते, जोगतिणी हातातला चुडा फोडतात. मग माघातल्या पुनवेला, अहेव पुनव, देवी परत सवाष्ण होते, परत चुडा भरतात. म्हणजे देवीचं रंडकेपण दोन महिन्यात संपतं. बाईचं संपत नाही. तुमच्या आत्याचं संपलं का? देवीला जी सवलत दिली ती बाईला द्यायला कुणाचं काय जात होतं, हेच मला समजत नाही.

मृगनक्षत्र

डोंगरवाडी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. हे आधी कुठेच वाचलं नव्हतं.

विटाळाचं पण असंच आहे, थोडक्यात लिहिते. आसाममध्ये कामाख्येला आषाढात अंबुबाची असते, देवी रजस्वला होते म्हणून देऊळ तीन दिवस बंद, आणि उघडल्यावर लाल कापडाचा तुकडा प्रसाद म्हणून मिळावा यासाठी झुंबड. ओडिशात रज पर्वाला भूमातेची पाळी म्हणून नांगर धरत नाहीत, मुली झोपाळे बांधून खेळतात. देवीची पाळी पवित्र, सण. आणि बाईची? शबरीमलाला दहा ते पन्नास वयाच्या बायकांना बंदी, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये चार विरुद्ध एक मताने उठवली, तर रस्त्यावर केवढा गोंधळ झाला, पुढच्या वर्षी प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं. आपल्या घराघरात अजून चार दिवस देवघरापासून लांब, त्याला कोर्टाचा निकाल कुठे लागतो.

याला उत्तर चौदाव्या शतकात सोयराबाईने दिलेलं आहे. चोखोबांची बायको, जातीचा विटाळ आणि बाईपणाचा विटाळ दोन्ही भोगलेली. "देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध", आणि पुढे विचारते की हा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला कोण? यात तिला कुठल्याही देवीचा आधार लागला नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिने प्रतीक वापरलंच नाही, सरळ देहाबद्दल बोलली.

जुनी वही

विधवेचा विषय निघालाय म्हणून, देव्यांत एक विधवा आहे. दश महाविद्या म्हणजे तंत्रातल्या दहा देवी, त्यांतली सातवी मानतात ती, धूमावती. म्हातारी, पांढरी किंवा मळकी वस्त्रं, घोडे नसलेला रथ, ध्वजावर कावळा, हातात सूप. अलंकार नाही, नवरा नाही. समाजाने बाईतलं जे जे अशुभ ठरवलं ते सगळं एकत्र करून तिला तंत्राने देवी म्हटलं, आणि नुसती देवी नाही, थेट मोक्ष देणारी. मध्यप्रदेशात दतियाला पीतांबरा पीठात तिचं स्थान आहे.

मला ही कल्पना अतिशय धाडसी वाटते. पण तिथेसुद्धा रिवाज असा की सुवासिनींनी तिचं दर्शन घ्यायचं नाही. म्हणजे विचार एवढा लांब पोचला आणि रिवाजाने त्याला परत दारातच अडवलं. याच कारणासाठी मला वाटतं की नुसतं प्रतीकात शोधत बसलो तर हाती फारसं लागणार नाही. प्रतीकं सगळ्या प्रकारची आहेत. लढणारी आहे, लाजणारी आहे, कुमारी आहे, विधवा आहे, रक्त पिणारी आहे, पाय चेपणारी आहे. कुठलं कुणी उचलायचं हे ज्याच्या हातात पूजा आहे तो ठरवतो.

रानजाई, अर्गलेच्या ओळीबद्दल. काही बायका तिथे "पतिं मनोरमं देहि" असं बदलून म्हणतात, काही ती ओळ सोडतात. मला विचाराल तर बदलून म्हणण्यात फार अर्थ नाही, कारण मनाप्रमाणे वागणारा माणूस मागणं हे नवऱ्याबद्दल असलं तरी तेच. त्याच स्तोत्रात "विद्यावन्तं यशस्वन्तं लक्ष्मीवन्तं जनं कुरु" आहे, विद्या दे, यश दे, धन दे. ते बाईने मागायला कुणाची हरकत असू नये.

शमीपत्र

सवाष्णीची अट हा रानजाईंचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. उलट भर घालतो. अहिल्याबाई होळकर विधवा होत्या. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ त्यांनी १७८० च्या सुमारास बांधलं, देशभर घाट, धर्मशाळा, देवळांचे जीर्णोद्धार केले. त्या बाईने उभ्या केलेल्या गाभाऱ्यात जाऊन आपण डोकं टेकतो आणि घरातल्या विधवेने ओटी भरली तर अशुभ म्हणतो. हे कुठल्याच शास्त्राने टिकत नाही.

टिपूर

मी जरा व्यवहाराचं बोलते, कारण वर सगळं समजलं तरी आत्या अजून स्वयंपाकघरातच आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना असंच करायला सांगितलं. पण ते आवाहन आहे, मोडलं तर शिक्षा नाही. त्यामुळे शेवटी घरातच सोडवायचं आहे.

देवळांच्या बाबतीत मात्र कायद्याचा उपयोग झालाय. १९५६ चा प्रवेशाचा कायदा होताच, त्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या एप्रिलमध्ये सरकारला सांगितलं की बायकांना अडवू देऊ नका, मग शनिशिंगणापूरचा चौथरा उघडला, कोल्हापूरचा गाभारा पण त्याच एप्रिलमध्ये. अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायला बाईला एवढं सगळं करावं लागलं हे परत एकदा वाचा. पंढरपुरात २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे पिढीजात हक्क संपवले, त्यानंतर समितीने सगळ्या जातींच्या स्त्रीपुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत बायका पौरोहित्य शिकतात, करतात. ज्यांना घरचा पाठ बाईकडून करून घ्यायचाय त्यांना आता सोय आहे, सबब नाही.

ओटीचं सांगायचं तर, अडवणाऱ्या बहुतेक बायकाच असतात आणि त्याचा राग करून काही होत नाही. आयुष्यभर ज्या बाईला सवाष्ण म्हणूनच मान मिळाला तिला तो मान वाटून घ्यायचा म्हणजे हातातलं जातंय असं वाटतं. तिला तोवर दुसरा मान कुणी दिलाच नव्हता. म्हणून आधी सासू, काकू, आई यांच्याशी एकेकीशी बोला, नवरात्राच्या ऐन दिवशी नाही, आधी. आणि त्याच्याही आधी आत्यांना विचारा त्यांना स्वतःला भरायची आहे का. चारचौघांत एकदम पुढे ओढलंत आणि कुणी काही बोललं तर त्यांनाच लागेल. त्या हो म्हणाल्या तर पहिली ओटी त्यांची, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून दुसरी तुमची.

डोंगरवाडी

टिपूरताई बरोबर. फक्त एक जोडते. घरचं घरी होईल, पण देवस्थानाचं कोण ठरवतं ते बघायला शिका. आमच्याकडच्या बऱ्याच देवळांच्या ट्रस्टवर एक पण बाई नाही, आणि देवी आहे म्हणून नावाला सुद्धा घेतलेली नाही. विश्वस्तांची नावं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नोंदलेली असतात, अर्ज केला की बघायला मिळतात. आपापल्या कुलस्वामिनीच्या ट्रस्टवर किती बायका आहेत ते बघून इथं लिहा, मी आमच्या तालुक्याचं लिहिते.